ईश्वरअप्पाची गुराब

ईश्वरअप्पानं बांधलेल्या पहिल्या जहाजात त्याचं वासरू सरकी खायचं. थट्टा नाही, खरंच. सागवानी, सुबक, चारी बाजूंनी रंधा मारलेलं जहाज, आणि त्यात तोंड घालून वासरू फुरफुर करायलंय. मी सकाळी वखारीत गेलो की वासराला सॅल्यूट ठोकायचो आणि म्हणायचो, "कप्तानसाहेब, बंदर कवा येणार?" अप्पा माझ्या अंगावर रंधा उगारायचा.

पण सुरुवातीपासून सांगतो. नाहीतर माझी बायको सरजाबाई म्हणते तसं व्हायचं, "तुमची गाडी स्टँडातून निघायच्या आधीच परभणीला पोचती."

ईश्वरअप्पा आणि मी ताडकळसच्या शाळेत एका तरटावर शिकलो. तो लिंगायताच्या घरचा, मी बौद्धवाड्यातला. आम्हाला शेजारी बसवलं ते दोघंही डावरे म्हणून. उजव्या हाताच्या पोराजवळ बसलं की कोपराला कोपर लागायचं, त्याच्या पाटीवरचं अक्षर बिघडायचं आणि मार आम्हाला बसायचा. गुरुजींनी वैतागून दोन्ही डावरे भिंतीकडच्या टोकाला नेऊन टाकले. सातवीनंतर शाळा सुटली. मी पुढं यष्टीत ड्रायव्हर झालो, तो बापाच्या लाकडाच्या वखारीत बसला. दोस्ती काही सुटली नाही.

अप्पाच्या हाताला चैन नसायची. गिऱ्हाईक वाशाचा भाव करत ताटकळत उभं, आणि हा बोटाएवढ्या शिसवी तुकड्यातून नंदी काढत बसलेला. आसपासच्या गावांत किती देवघरांत त्याचे नंदी बसलेत ते त्यालाच ठाऊक नाही. एकदा एका नंदीला त्यानं शिंगंच काढली नाहीत. मी म्हणालो, "अरे, शिंगं विसरला." तर म्हणतो, "विसरलो न्हाई. लहान हाय अजून त्यो."

त्याला एकच मुलगा, शिवकांत. परभणीला आयटीआय केली, कुठल्याशा बंदरावर ट्रेनिंग केलं आणि मालाच्या जहाजावर खलाशी म्हणून लागला. आमच्या गावात मिलिटरीत गेलेली पोरं आहेत, पोलिसात गेलेली आहेत. समुद्रात गेलेला हा पहिलाच. त्याची आई नागुबाई सगळ्यांना सांगायची, "त्येचं हापिस पाण्यात हाय."

पहिल्या सुट्टीला आला तेव्हा शिवकांतनं मोठ्या कागदाची एक सुरळी आणली. उलगडली तर आत जहाजाचा नकाशा. वरून, बाजूनं, उभा कापून, आडवा कापून. म्हणाला, "अप्पा, हिला गुराब म्हणतेत. मराठ्यांच्या आरमाराचं लढाऊ जहाज. नंदी लय केलाव, आता ही करा. मी सांगत जाईन, तुमी बांधत जावा."

गुराब म्हणजे कशी, तर पुढचं टोक चोचीसारखं लांब आणि पाण्याला टेकलेलं, दोन-तीन डोलकाठ्या, दोन्ही कुशींना तोफा, आणि नाकासमोर आणखी दोन. पाठलाग करताना थेट समोरच्यावर डागायच्या. अप्पा त्या कागदापुढं किती वेळ उकिडवा बसला होता! शेवटी म्हणाला, "तोफा हायत म्हंजे बरंय. तुझ्या त्या लोखंडी डब्याला काय हाय? नुसतं कुणीबी यावं आन् धडकावं."

तर ते पहिलं जहाज. शिवकांत परत गेल्यावर अप्पानं मन लावून बांधलं आणि व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मोबाइल मी धरला होता. शिवकांत असा हसायला लागला की त्याच्या मागं उभे असलेले परमुलखातले खलाशीसुद्धा डोकावून हसायला लागले.

"अप्पा, तुमी बैलगाडीची साटी केलाव की! तळ सपाट कामून केला?"

"सपाट न्हाई केला तर उभं कसं ऱ्हाईल?"

"त्ये उभं ऱ्हातच न्हाई, अप्पा. त्ये पाण्यात बसतंय."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. जहाजाला पोट असतं, आणि ते पोट पाण्याखाली असतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडचं जे काही चालतं ते जमिनीवर चालतं. मी तर त्यात आणखी अक्कल पाजळली. सुकाणू मागं बघून म्हणालो, "अप्पा, नकाशा उलटा धरलास. स्टेअरिंग मागं कुठं असतंय का?" शिवकांत म्हणाला, "लिंबाजीकाका, तुमी नुसतं तिकीट फाडा." ड्रायव्हरला असं बोलावं? पण पोरगं गोड होतं.

सपाट तळाचं ते जहाज वासराला गेलं आणि दुसरं सुरू झालं. ह्या वेळी रीतसर. आधी कणा, मग कण्याला माशासारख्या फासळ्या, मग फासळ्यांवर बाहेरून पातळ सागवानी पट्ट्या. पट्ट्या हंड्यात उकळायच्या, गरम असतानाच वाकवून बसवायच्या आणि वाळेपर्यंत धरून ठेवायच्या. एवढे बारीक खिळे कुठं मिळेनात, म्हणून अप्पानं बाभळीचे काटे घेतले. वाळलेला काटा छिद्रात ठोकायचा, वरून टोक छाटायचं. लोखंडासारखा बसतो.

काटे वेचायचं काम शिवकांतच्या बायकोकडं, अनुपमाकडं होतं. देवगाव फाट्याकडची पोरगी. बारावी झालेली, शिवणकाम उत्तम, आणि तोंडाची लय तिखट. टोपलंभर काटे समोर ओतून म्हणायची, "मामंजी, लोकाच्या सुनंला सोनं मिळतं. मला काटे वेचायला लावलाव." अप्पा म्हणायचा, "जहाज झालं की त्याच्यातच बसून जा त्येच्याकडं." ती लाजून आत पळायची आणि आतून नागुबाईचं हसू ऐकू यायचं.

करोना उलटून गेल्यानंतरची गोष्ट. बाहेरच्या पट्ट्या संपत आल्या होत्या. वरच्या कडेची पट्टी अप्पानं नुकतीच हंड्यातून काढून दोन्ही हातांनी वाकवून धरली होती आणि त्याचा फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून मी फोन उचलून त्याच्या कानाला लावला. माणूस हिंदीत बोलत होता. कंपनीचा. वादळ होतं, डेकवर काहीतरी सुटलं ते बांधायला शिवकांत गेला, लाट आली. जहाज थांबवलं, फिरवलं, शोधलं. सापडला नाही.

फोन बंद झाला तरी अप्पानं पट्टी सोडली नाही. ओली पट्टी सोडली की उसळून सरळ होते. मी म्हणालो, "अप्पा, सोड ती." तो म्हणाला, "वाळू दे." मी त्याच्यासमोर बसून राहिलो. पट्टी वाळली, त्यानं काटे ठोकले, टोकं छाटली, आणि मग उठून घरात सांगायला गेला.

आमच्याकडं माणूस गेलं की गल्लीतल्या बाया येतात. लांबूनच रडत येतात, घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात, तिला मोकळी करतात. जात-पात त्या वेळी कुणी बघत नाही. त्या दिवशीही आल्या. आमची सरजाबाई सगळ्यांत पुढं होती. अप्पा दारात आडवा उभा राहिला.

"कामून आलाव?"

त्यानं दोन्ही हात चौकटीला लावले.

"आमच्या घरी कुणी मेलेलं न्हाई. मढं कुठंय? दाखवा मला. परत जावा."

निम्म्या बाया रडत आलेल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि परत फिरल्या. सरजाबाई म्हणते, चौकटीच्या आत अनुपमा उभी होती, तिचे हात पुढं झाले होते. ते तसेच खाली गेले.

तेव्हापासून त्या पोरीचं काय झालं ते सांगायला अवघड आहे. तिनं कपाळ पुसायचं नाही, कारण नवरा मेलेला नाही. सवाष्णींच्या हळदी-कुंकवाला बोलवावं तर बाया बिचकायच्या, न बोलवावं तर अप्पा त्या घरी जाऊन भांडायचा. घरात मोठ्यानं रडायची सोय नाही. ती मशीनवर बसायची आणि गावाचे ब्लाउज शिवायची. तिखट तोंड बंद झालं ते झालंच.

काही महिने गेल्यावर अप्पाच्या घरचे गुरू, जंगमस्वामी आले. इथं लिंगायतांची एक रीत सांगावी लागेल. त्यांच्यात लेकराला लहानपणीच एक छोटं लिंग देतात. चांदीच्या डबीत घालून ते गळ्यात बाळगायचं, रोज तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. माणूस गेलं की जाळत नाहीत. खड्ड्याच्या कुशीला कोनाडा करतात, त्यात मांडी घालून बसवतात, हातात त्याचं लिंग देतात आणि मातीआड करतात. शिवकांत जहाजावर गेला तेव्हा लिंग आईजवळ देऊन गेला होता. म्हणाला होता, "अव्वा, तिथं सगळ्यांच्या ताटात मांस-मच्छी. मला सांभाळणं व्हायचं न्हाई." तेव्हापासून नागुबाई आपल्या पूजेसोबत त्याचीही पूजा करायची. म्हणजे झालं काय, अंग तिकडं पाण्यात आणि लिंग इकडं डबीत.

स्वामी म्हणाले, "ईश्वरअप्पा, लिंगाला असं ठेवू नये. नदीत सोडून दे. शांती होईल."

अप्पा म्हणाला, "पाण्यानंच नेलं त्येला. आन् आता लिंगबी पाण्यालाच देऊ?"

मी तिथंच होतो. मग अप्पानं कोपऱ्यात ठेवलेल्या जहाजाकडं बोट केलं. "ह्येच्या पोटात लिंग बसवतो. आन् ह्ये मातीत बसवतो. त्येच्याच हातानं सुरू झालेलं हाय."

"असं कुठं लिहिलेलं न्हाई, अप्पा."

"करू नगं असं तरी कुठं लिहिलंय?"

स्वामी हुशार माणूस. म्हणाले, "पुरं कर. सांग, मी येतो."

झालं. सगळ्यांना हायसं वाटलं. जहाज पुरं झालं की शिवकांत मातीला लागणार, बाया येणार, अनुपमा रडून मोकळी होणार, माहेरी जायचं तर जाणार. सगळी गल्ली त्या जहाजाची वाट बघायला लागली. रस्त्यात बाया मला विचारायच्या, "लिंबाजीदादा, जहाज कुठवर आलं?" आयुष्यभर गाडी कुठवर आली हे विचारून लोकांनी मला पिडलं, आता हे.

आणि अप्पा काम काय करायचा! असं काम मी बघितलेलं नाही. शिसवीच्या तोफा कातल्या, प्रत्येकीला पोकळ नळी, प्रत्येकीला चाकांचा गाडा. दोरखंडासाठी सुती दोऱ्याला पीळ देऊन मेण चोळलं. जाड दोर वेगळे, बारीक वेगळे. शिडाला अप्पाचं जुनं धोतर अनुपमानं कापलं आणि पट्ट्या-पट्ट्यांनी शिवलं, कारण नकाशात तशा शिवणी दाखवल्या होत्या. रंगाची तर निराळीच गंमत. शिवकांतनं सांगितलं होतं की जुन्या जहाजांच्या बुडाला किडा लागू नये म्हणून चुना आणि चरबी चोळायचे. चरबीचं नाव काढताच नागुबाईनं कानावर हात ठेवले. मग अप्पानं चुना जवसाच्या तेलात घोटला. पाण्याखालचं पोट पांढरं, वरचा भाग काजळी घोटून काळा, आणि मधून एक पिवळा पट्टा. मी म्हणालो, "अप्पा, यष्टीसारखा लाल मार की." तो हसला नाही. हाताला दोन-दोन दिवस जवसाचा वास यायचा, जेवताना भाकरीलाही.

सगळं होत होतं, फक्त एक होत नव्हतं. जहाजाचा क्रम शिवकांतनं पक्का सांगून ठेवला होता: पोट झालं की वरून डेक ठोकून बंद करायचं, मग डेकमधून डोलकाठ्या उभ्या करायच्या, मग दोर, मग शिडं. डेक बसल्याशिवाय पुढचं काही चढत नाही. आणि अप्पा डेक बसवत नव्हता. तोफा झाल्या, मिठाईच्या खोक्यात. डोलकाठ्या झाल्या, फडक्यात गुंडाळून फळीवर. शिडं घडी करून कपाटात. आणि मधोमध ते रंगवलेलं, चकाकणारं, वरून उघडं पोट.

मी विचारलं की एकच उत्तर. "नागुबाई लिंग देईना. आई हाय, लिंबाजी. तिला काय म्हणू?"

मीही मानलं, गावानंही मानलं. बाया नागुबाईला समजवायच्या, काही चार शब्द सुनवायच्याही. "तुझा जीव अडकला, पण पोरीचं वय काय?" नागुबाई खाली मान घालून ऐकायची आणि चहा टाकायला उठायची.

अनुपमाचा भाऊ सिताराम आला. सरळ माणूस. वखारीत माझ्यासमोरच बोलला. त्यानं बहिणीसाठी एक स्थळ बघितलं होतं. शाळामास्तर, बायको गेलेली, एक लहान पोरगी. माणूस चांगला, पण त्याची म्हातारी म्हणते, आधी तिकडं माती होऊ द्या, मग बोलू.

"मामा, मी घाई करीत न्हाई," सिताराम म्हणाला. "पण ती माणसं किती थांबतील?"

"पोळ्यापर्यंत होतंय," अप्पा म्हणाला.

पोळा झाला. अप्पानं डेकच्या पट्ट्या कापल्या, घासल्या आणि परत खोक्यात ठेवल्या. म्हणाला, तुकडा चांगला नव्हता, दुसरं लाकूड घेतो. दिवाळी झाली. संक्रांतीच्या आसपास सितारामचा फोन आला की मास्तरचं लग्न दुसरीकडं झालं.

मी त्या दिवशी त्यांच्या घरी गेलो होतो. अनुपमा मशीनवर होती. आयुष्यभर तोंड चालवलं, पण त्या दिवशी मी नुसता मशीनशेजारी बसलो. तीच बोलली.

"काका, लग्नाचं मला काय वाटलं न्हाई. खरं सांगायले. पण माझं रडायचं ऱ्हाऊन गेलंय. कुणी मेलं की बाया रडतेत, चार महिन्यांनी हसतेत. मी दोन्हीबी करू शकत न्हाई."

मला राग आला. नागुबाई स्वयंपाकघरात होती, तिच्याकडं गेलो. म्हणालो, "वहिनी, आता बास झालं. किती दिवस कवटाळून बसताव? द्या ते लिंग. पोरीचा जीव घ्यायलाव तुमी."

नागुबाईनं माझ्याकडं बघितलं. पिठाचे हात तसेच. म्हणाली, "भाऊजी, स्वामी आले होते त्याच्या दुसऱ्या दिवशीच दिलंय मी. त्यांच्याच बंडीच्या खिशात हाय."

"मग इतके दिवस बोलला कामून न्हाईत?"

"काय बोलू? माझ्या नावावर ढकलून त्यांचा एक-एक दिवस निघायला. निघू द्या म्हणलं."

मागं मशीन थांबली होती. अनुपमानं ऐकलं होतं. ती उठली, चपला न घालता वखारीकडं निघाली. मी मागं, नागुबाई माझ्या मागं.

अप्पा झालेल्या तोफेच्या गाड्याचं चाक काढून परत बसवत होता. अनुपमा समोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, बंडीच्या खिशात काय हाय?"

अप्पाचा हात छातीवर गेला. उत्तर तिथंच मिळालं.

"त्यो तुमचा पोरगा हाय, तसा माझा नवरा बी हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमी त्येला खिशात घालून फिरायलाव. मी त्येला कुठं घालून फिरू? सांगा."

"सुनबाई, डेक बसला की..." अप्पा अडला. "डेक बसला की मग त्यो खरंच गेला."

"गेलाय, मामंजी."

त्या घरातल्या कुणी हे असं सरळ पहिल्यांदाच म्हटलं. अप्पानं खाली बसून चाकाचा भुगा गोळा केला, परत सांडला, परत गोळा केला. नागुबाई दाराला टेकून उभी. मला वाटलं आता हा चिडणार, तिला हाकलणार. त्यानं बंडीत हात घातला, डबी काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली.

"तूच बसव," म्हणाला. "माझ्यानं होत न्हाई."

जहाजाच्या पोटात तिनं कापसाची गादी केली. कापूस आमच्याकडं कधीही हाताशी असतो. त्यावर डबी ठेवली. नागुबाईनं वरून बेलाचं पान ठेवलं. मग अप्पानं डेकची पहिली पट्टी घेतली. मी दाबून धरायची, त्यानं काटा ठोकायचा. दोघंही डावरे, तेव्हा हात हाताला लागत नव्हता. एकेक पट्टी बसत गेली तशी आतली चांदी दिसायची कमी झाली. शेवटच्या फटीतून अप्पानं एकदा आत बघितलं. मग ती पट्टीही ठोकली, आणि पुढं वेड्यासारखं काम केलं. इतका काळ जे अडलं होतं ते आठवड्याच्या आत उभं राहिलं. डोलकाठ्या, दोर, शिडं, तोफा. गुराब तयार झाली. काय दिसत होती म्हणून सांगू! बाजाराच्या दिवशी लोक वखारीसमोर मोटारसायकली उभ्या करून बघायचे, फोटो काढायचे, आणि कशासाठी बांधली ते कळलं की मोबाइल खिशात टाकून निघून जायचे.

स्वामी आले. समाजातल्या एक-दोघांनी कुरकूर केली की ही काय रीत आहे. स्वामींनी त्यांना गप्प केलं. जागा अप्पाच्या वडिलांच्या शेजारी ठरली.

घोटाळा झाला तो खड्ड्याचा. खड्डा खोदणाऱ्यांना अप्पानं सांगितलं होतं, "शिवकांतला बसवायचंय." त्यांना कोण काय माप सांगणार? ते आयुष्यभर एकच माप खोदत आले. त्यांनी पुरुषभर खड्डा खोदला, कुशीला माणूस मांडी घालून बसेल असा कोनाडा केला, शेणानं सारवला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं तयार होतं. अप्पा स्वतः गुराब घेऊन खाली उतरला. वखारीत टेबलभर वाटायची ती. त्या कोनाड्यात ठेवली तर कुण्या लेकराचं खेळणं कोपऱ्यात राहून गेल्यासारखी दिसायला लागली. भोवती सगळी रिकामी जागा, एका माणसाची. अप्पा ती जागा बघत राहिला. हातानं कोनाडा चाचपला, वरपासून खालपर्यंत. शेवटी दोघांनी काखेत धरून त्याला वर काढलं.

स्वामींनी विभूती टाकली, बेलपत्र टाकलं. माती पडली. शीड मोडल्याचा बारीकसा आवाज आला, तेवढाच.

घरी आलो तर बाया आल्या होत्या. या वेळी अप्पानं कुणाला अडवलं नाही. सरजाबाईनं रडतच अनुपमाला मिठी मारली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. सगळं घर रडण्यानं भरून गेलं. आणि अनुपमा मधोमध उभी, कोरडी. बायांच्या पाठीवरून हात फिरवायची. "उगी, काकू. उगी." तिला रडू आलंच नाही. सरजाबाई घरी येऊन मला म्हणाली, "आपण लय उशिरा गेलो हो. आत काही उरलंच न्हाई तिच्या."

सकाळी सिताराम तिला न्यायला आला. मशीन टेम्पोत चढवली. ती नागुबाईच्या पाया पडली, माझ्याही पडली. अप्पाला शोधायला वखारीत गेली तर तो पाठमोरा रंधा मारत होता. तिनं लांबूनच हात जोडले. टेम्पो फाट्याच्या बाजूला वळेपर्यंत रंध्याचा आवाज थांबला नाही. तिकडं ती आता दुकान टाकून शिवणकाम करते. दुसरं स्थळ अजून आलेलं नाही. सिताराम फोन करतो, म्हणतो, बरी आहे, पण बोलत नाही.

आणि अप्पा. चार-आठ दिवस ठीक गेले. मग एका दुपारी मला म्हणाला, "लिंबाजी, डेकची एक पट्टी बरोबर बसली न्हाई. फट ऱ्हायलीय. मला दिसली होती, पण घाईत ठोकली. पाणी शिरंल आत."

मी म्हणालो, "न्हाई रे. मीच धरली होती. पक्की बसलीय."

"तुला काय कळतंय? तू ड्रायव्हर." आणि खोरं उचललं.

तेव्हापासून हे रोजचं आहे. दुपार टळली की तो खांद्यावर खोरं टाकून निघतो आणि मी बरोबर निघतो. भांडून उपयोग नाही, आडवं जाऊन उपयोग नाही, हे दोन्ही करून बघितलं. मग मला माझी विद्या आठवली. स्मशानाच्या फाटकापाशी आलो की मी एक किस्सा काढतो आणि बोलत बोलत पाय मागं वळवतो. काल त्याला एका लग्नाचा किस्सा सांगितला. पालमला जायचं वऱ्हाड मी चुकून पिंगळी स्टेशनवर नेलं होतं, आणि नवरदेवाचा मामा घोडीसकट रेल्वेच्या फाटकात अडकला होता. अप्पा ऐकत ऐकत वळला. घर येईपर्यंत म्हणत होता, "मग? मग घोडीचं काय झालं?"

नागुबाई दारातच उभी असते. ती त्याच्या खांद्यावरून खोरं काढून घेते आणि दरवेळी नव्या जागी लपवते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो ते शोधून काढतो.